दहा पोरं आणि माझी सुटका

कुवेतला आल्यावर पहिलं वर्ष मी नुसतं धुमसण्यात घालवलं. नवरा दिवसभर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, मी एगैलातल्या फ्लॅटमध्ये, आणि लेक अशी की मराठीत विचारावं तर इंग्रजीत उत्तर. रमजानमधल्या एका संध्याकाळी माझं डोकंच फिरलं. नाशिकला परत जायचं म्हणून मी बॅग भरायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या खाला घावणे घेऊन आल्या. खाला दापोलीकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या. बॅगेबद्दल चकार शब्द काढला नाही. मला बळेबळे खायला बसवलं आणि आज सतरावा रोजा, बद्रच्या लढाईचा दिवस, म्हणून तीच गोष्ट सांगायला लागल्या.

बद्रच्या विहिरींपाशी मदिनेचे मूठभर मुसलमान मक्केच्या भल्यामोठ्या फौजेला भिडले आणि जिंकले. लढाईत मला काडीचा रस नव्हता, पण पुढचं ऐकून कान टवकारले. पकडलेल्या मक्केवाल्यांपैकी ज्यांच्याकडे सुटकेसाठी द्यायला काही नव्हतं पण लिहितावाचता येत होतं, त्यांना सांगितलं गेलं की दहा मुलांना अक्षरं शिकवा आणि खुशाल घरी जा.

"तू पण शिकव गो बाय," खाला म्हणाल्या. "दहा पोरं मराठी वाचायला लागली की मी स्वतः तुला विमानात बसवीन."

मी लगेच तयार झाले. मला सुटायचं होतं ना! दर शुक्रवारी हॉलमध्ये सतरंजी पडू लागली. इंजिनिअरांची मुलं, रत्नागिरीकडच्या दुकानदारांची मुलं, आणि तोंड वाकडं करून बसलेली आमची कन्या. परीक्षा घ्यायच्या खाला, आणि त्या इतक्या ढिल्या की पोर ओळीओळीला अडखळलं तरी पास, वर हातात खजूर.

वर्षं गेली, नऊ मुलं पास झाली. राहिली ती आमचीच. गेल्या महिन्यात तिनं अख्खा धडा घडाघडा वाचला. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. नवऱ्यानं तर तिकिटंही बघून ठेवली होती. खालांनी मात्र खजुराची वाटी मांडीवरच धरून ठेवली.

"कच्चं आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "अजून एक वरीस बसव तिला."

लेक खवळली. कुठे चुकलं ते सांगा, म्हणून तावातावानं भांडायला लागली, तेही चक्क मराठीत. मी तिला जवळ ओढून गप्प केलं.

"हो खाला," मी म्हटलं. "फारच कच्चं आहे."