लतिकाताईंची रजा

दीक्षितपुऱ्यातल्या लतिकाताई सलवार-सूटच्या कारखान्यात शिलाई विभाग सांभाळतात. कुणाची शिलाई वाकडी गेली, की "दे इकडे" म्हणत त्या स्वतःच मशीनवर बसत. तोवर बाकीचे काम खोळंबे. यंदाच्या प्रशिक्षणात त्यांना शिकवले गेले, की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि फक्त तोंडाने सांगायचे. ते त्यांना फार जड गेले.

मुलीच्या लग्नासाठी त्यांनी प्रथमच रजा घेतली, आणि मोठी ऑर्डर नेमकी मेंदीच्याच दिवशी निघायची होती. कारखान्यातून बोलावणे येईल म्हणून त्या हाताला मेंदी लावू देईनात. शेवटी त्यांनीच कारखान्यात फोन केला.

"माल सकाळीच गेला, दीदी," शिलाईवरची शिवांगी हसली. "तुम्ही काहून फोन करून राहिल्या? चलो, हात पीछे!"

लतिकाताईंनी दोन्ही हात मेंदीवालीपुढे केले.