वयनी हे विशेषनाम

प्रतिभा कोकरेला इंग्रजीची धास्ती होती ती मोठ्या अक्षरांपायी. नववीत असतानाच लग्न ठरलं आणि शाळा सुटली. आता लेक सायली आठवीत गेली, तेव्हा प्रतिभानं मनावर घेतलं आणि ती बाहेरून दहावीला बसली. गणित तिनं रेटून नेलं, इतिहास पाठ केला. पण इंग्रजीचं वाक्य लिहायला घेतलं की हात अडखळायचा. कुठलं अक्षर मोठं, कुठलं बारकं? चूक नको म्हणून ती सगळंच मोठं लिहून मोकळी व्हायची.

"आई, 'रिव्हर'ला कॅपिटल कशाला?" सायली वैतागायची. "नदी म्हटलं की कुठलीबी नदी. ते सामान्यनाम, कॉमन नाऊन. भीमा म्हटलं की आपली भीमा. ते विशेषनाम, प्रॉपर नाऊन. कॅपिटल फक्त त्याला."

एवढं कळलं. पण पुढच्याच पानावर 'मदर' आलं. 'माझी आई' असं लिहायचं तर त्याचा एम बारका, आणि आईला हाक मारायची तर तोच एम मोठा.

"एकाच शब्दाच्या दोन तऱ्हा कशा गं?"

"तिथं ते नावासारखं वापरलंय म्हणून." सायलीला शाळेची घाई होती, ती दप्तर उचलून पळाली. प्रतिभाच्या डोक्यात मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं.

तोंडी परीक्षा दौंडच्या एका शाळेत होती. त्या दिवशी पंचाईत झाली ती सासूची. नवरा ज्ञानेश रांजणगावला कंपनीत, त्याची सकाळची पाळी. सायली शाळेत. आणि सासूला, अनसाबाईंना, घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. दूध गॅसवर ठेवून त्या अंगणात जाऊन बसायच्या. एकदा तर शेजारच्या आळीत उभं राहून आपलंच घर कुठलं म्हणून विचारत होत्या. सासरे हरिबा गेल्यापासून हे वाढलं होतं. म्हणून प्रतिभानं त्यांना बरोबरच घेतलं. मांडवगणहून जीप निघाल्यापासून त्यांनी सारखं एकच लावलं होतं, "कुठं चाललोय गं आपण?" आणि प्रतिभा दर वेळी सांगत होती, "दौंडला, वयनी. माझी परीक्षा हाय."

अनसाबाईंना घरात सगळेच वयनी म्हणत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दीर लहान होते. त्यांचं ऐकून पोटची पोरंही आईला वयनीच म्हणायला लागली. मग सुना, नातवंडं, सगळी आळी. हरिबा तर 'अगं' म्हणूनच हाक मारायचे.

शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर प्रतिभानं त्यांना बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. "वयनी, हितनं हलायचं न्हाई. मी आलेच."

"न्हाई हलत. जा तू."

आतल्या मॅडम शांत होत्या. त्यांनी विचारलं तेही नेमकं तेच, कॉमन आणि प्रॉपर नाऊनमधला फरक. खिडकीतून बाक दिसतो का, म्हणून तिनं मान वळवली. दिसत नव्हता. जुळवाजुळव करत ती इंग्रजीत म्हणाली, "ओल्ड वुमन, कॉमन नाऊन. अनसाबाई, प्रॉपर नाऊन." मॅडम हसल्या, "गुड" म्हणाल्या. त्या 'गुड'चा आनंद दारापर्यंतसुद्धा टिकला नाही. बाक रिकामा होता. बाटली तेवढी आडवी पडली होती.

शिपायानं काही पाहिलं नव्हतं. प्रतिभा रस्त्यावर आली आणि दिसेल त्याला विचारत सुटली, "एक म्हातारी बघितली का? हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण?" ज्याला विचारावं त्यानं अशी एक म्हातारी पाहिलेलीच होती. कुणी बाजाराकडं हात केला, कुणी एसटी स्टँडकडं. स्टँडवर पाठमोरं हिरवं लुगडं दिसलं. धावत जाऊन तिनं खांद्याला हात लावला, तर भलतीच बाई वळली. ज्ञानेशला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला, कामावर असताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागायचा.

शेवटी एका चहावाल्यानं नेमकं सांगितलं. "एक म्हातारी ठेसनाकडं गेली बघा. पिवळ्या साडीवालीच्या मागं मागं चालली हुती."

प्रतिभानं खाली पाहिलं. तिच्या स्वतःच्या अंगावर पिवळीच साडी होती.

दौंडहून गाड्या कुठं कुठं जातात ते तिला ठाऊक होतं. म्हातारी कुणाच्या मागं डब्यात चढली, तर कुठल्या मुलखात उतरेल? आणि उतरली तरी सांगेल काय? पळत ती चौकशीच्या खिडकीशी आली. आतल्या वयस्कर माणसानं लगेच माइक ओढला. "मांडवगण फराट्याच्या अनसाबाई हरिबा कोकरे, जिथं असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या." पुन्हा एकदा म्हटलं. कुणी हललं नाही. तेवढ्यात एक गाडी आली, माणसांचा लोंढा उतरला, तेवढाच चढला. प्रतिभा डब्याडब्यात डोकावत पळाली. गाडी सुटली, तरी वयनी कुठं दिसल्या नाहीत.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. त्यांना अनसाबाई म्हणून हाक मारणारं कोण उरलं होतं?

ती खिडकीशी परत आली. "साहेब, 'वयनी' म्हणून पुकारा."

"ताई, वहिनी म्हणजे कुणाचीही वहिनी. निम्म्या बाया वळून बघतील."

"बघू द्या. आमच्यात ते नावच हाय त्यांचं. दुसऱ्या कशाला ओ देणार न्हाईत त्या. पाया पडते तुमच्या."

माणसानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि माइक पुढं घेतला. "मांडवगणच्या वयनी, तुमची प्रतिभा इथं चौकशी खिडकीजवळ उभी आहे."

बऱ्याच बायांनी खरोखरच माना वळवल्या. एक-दोघी हसल्या. आणि फलाटाच्या टोकाला, बोचकी मांडून बसलेल्या एका परप्रांतीय कुटुंबातून हिरवं लुगडं उठून उभं राहिलं. "आले, आले! वरडायला काय झालं?"

प्रतिभानं त्यांना गच्च धरलं. वयनींच्या मुठीत अर्धं बिस्कीट होतं. शेजारी पिवळ्या साडीतली तरुण बाई ओशाळून उभी राहिली. "हमने कितनी बार नाम पूछा दीदी, अम्मा बताती ही नहीं थीं."

"तू पुढं निघालीस, म्हणून आले की मागं," वयनी म्हणाल्या.

"आवो, तुमचं नाव पुकारलं की मघाशी! अनसाबाई म्हणून!"

"आसंल कुणीतरी," वयनी म्हणाल्या आणि बिस्कीट खाऊ लागल्या.

जीपमध्ये प्रतिभानं घरापर्यंत त्यांचा हात सोडला नाही. संध्याकाळी तिनं ज्ञानेशला सगळं सांगितलं. पुढच्या सुट्टीला दोघं वयनींना शिरूरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. ते म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे. गोळ्यांनी थोडा आळा बसेल, बरा होणार नाही. माणसांची नावं बहुधा आधी जातात, रोजच्या वस्तूंची त्यामानानं उशिरा.

लेखी परीक्षेला ज्ञानेशनं रजा काढली आणि तो आईजवळ बसला. प्रतिभा पास झाली, इंग्रजीतसुद्धा. आळीत पेढे वाटले. वयनींनी पेढा घेतला आणि कशाचा म्हणून विचारलं.

भाकरी, पाणी, शेरडू, ऊन, हे सगळं वयनींना अजून नीट म्हणता येतं. सायलीला त्या आता 'पोरी' म्हणतात. रोज सकाळी प्रतिभा चहा घेऊन जाते तेव्हा स्वतःहून काही बोलत नाही, नुसती उभी राहते. वयनी आधी कपाकडं बघतात, मग तिच्या तोंडाकडं. कधी "प्रतिभे, बस की" म्हणतात. कधी नुसतं "द्या बाई" म्हणून कप घेतात.