पाठीवर ठिपके असलेल्या गांधीलमाश्या

वन्सं गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच गांधीलमाश्या बघत गच्चीवर स्टुलावर बसले होते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कॉलेजात कीटकांचं शिकवायच्या, लग्न केलं नाही. दीड महिना झाला, पण माझा राग उतरत नाही. तेराव्याच्या आदल्या सकाळी भावजींनी, म्हणजे माझ्या दिरानं, बांबूला रॉकेलचा बोळा बांधून सज्जाखालचं पोळं जाळलं. "वहिनी, उद्या माणसं येणार. कुणाला डसल्या म्हंजे?" मी पोळपाट हातात धरून उभी राहिले... तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं जिलेबी खाऊन म्हणाली, "एकट्याच गेल्या हो बाई." एकट्या? तुम्ही कधी ह्या गच्चीवर आला होतात?

मी देवगाव रंगारीची, चौथी शिकलेली. लग्न होऊन आले त्याच वर्षी वन्संनी मला वही दिली. "लिहिता येतं ना कमल? बास झालं." अगरबत्तीच्या काडीनं एकेका माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कोण कोणती ते कळतं. मग लिहायचं, पिवळी हिरवीवर धावली, हिरवी दबली, हिरवीनं तांबडीला तोंडातलं भरवलं. मला वाटायचं, राणी हुकूम सोडत असेल. "हुकूम कुणाचाच नसतो गं," त्या म्हणायच्या. "ही तिला भेटते, ती हिला. एक दबते, एक भरवते. अशा भेटींतूनच त्यांचं घर उभं राहतं."

सगळ्यांवर धावणारी पिवळी हीच राणी, असं आम्ही पंधरा दिवस लिहीत होतो. एका दुपारी मला दिसलं, अंडं घालत होती कोपऱ्यातली गरीब पांढरी, कुणाच्या वाटेला न जाणारी. पण वन्संची चूक मी कशी काढायची? दोन दिवसांनी गुपचूप वहीत लिहिलं. त्या वाचून हसल्या, मग कडाडल्या, "अगं ए मुके, दोन दिवस मिठाची गुळणी धरली होतीस व्हय?"

तेराव्याच्या आदल्या दिवशीही मी तेच केलं. भावजींपेक्षा माझाच मला जास्त राग येतो.

पोळं जळताना बाहेर गेलेल्या सात माश्या परत आल्या. काळ्या डागापाशी काही दिवस नुसत्या बसल्या. मग एकमेकींच्या तोंडाला मिशा लावू लागल्या, एक दबली, एकीनं भरवलं... आणि चण्याएवढं नवं पोळं लटकलं. काल भावजी पुन्हा बांबू घेऊन वर आले. मी स्टूल ओढून पोळ्याखाली उभी राहिले.

"भावजी, बांबू खाली ठेवा. हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

"आयला! वहिनी, तुम्हाला लई मोठा आवाज आहे की."

"अजून ऐकायचाय?"

ते बांबू टाकून खाली गेले. आज सकाळी तो तोडून मी बंबात घातला.