पाठमोरं भूत

भुताटकीच्या बंगल्याचा तो जुना सिनेमा नव्याने काढलाय म्हणून दुपारच्या खेळाला गेलो, तर भुताने पहिल्या पंधरा मिनिटांतच तोंड दाखवलं. लहानपणी पाहिलेल्या सिनेमात ती बाई शेवटपर्यंत पाठमोरीच होती. जिन्यावर केस मोकळे सोडून बसायची. चेहरा ज्याचा त्याने लावायचा. आज मात्र सगळं थिएटर एकच भूत घेऊन, पॉपकॉर्नचे हात पुसत बाहेर पडलं.

मला काही चैन पडेना. पार्किंगमधूनच ताईला फोन लावला. जुना सिनेमा आम्ही दोघांनी एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून पाहिला होता.

"ताई, तुझ्या त्या भुताचा चेहरा कुणासारखा होता गं?"

ती हसली. "आईसारखा. रागावली की पाठ फिरवून बसायची ना ती, बोलायचीच नाही. तुझ्या भुताचा?"

"आठवत नाही," म्हणालो.

आठवत होतं. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस म्हणून आई ओरडायची, तरी खिडकीत पाठमोरी बसून राहायची ती ताईच. आणि थिएटरात भीतीने मी जो हात घट्ट धरून ठेवला होता, तोही तिचाच.