चायना पामवाला

"भाऊ, लाईट मागं घ्या. पानं करपत्यात!"

घोडेगावच्या आसपासच्या लग्नांत मी फोटो काढतो. सगळ्यांचे डोळे नवरा-नवरीवर, आणि लोणीच्या या गृहस्थाचे माझ्या लाईटवर. शोभेच्या कुंड्या भाड्याने देणं हा त्याचा धंदा. त्यातही जीव चायना पामवर. तुम्हीही पाहिला असेल तो, हातपंख्यासारख्या गोल, चिरलेल्या पानांचा. आपण त्याच्यासमोरून जेवायला जातो आणि विसरतो.

बाप मेंढरं राखायचा, हा कुंड्या राखायचा. लग्नाहून परतलेलं झाड आठवडाभर आंब्याखाली विसाव्याला. "दमतंय वो," म्हणायचा. कुंडीत कुणी थुंकलं तर नवऱ्या मुलाच्या बापालाही सोडत नसे. मला त्याने फार छळलं, पण तो नसला की लग्न अळणी वाटायचं.

त्याच्या दारात दोन पाम होते, मुलगी रांगत असताना बी लावून वाढवलेले. ते कधीच भाड्याने गेले नाहीत.

"पोरीच्या लग्नात स्टेजला दोन बाजूंनी ठेवणार. तुमी फोटोत पुरे घ्यायचे."

लग्न भर वैशाखात झालं. अक्षता पडल्या आणि लाईट गेली. जनरेटर चालू होईना. कार्यालयाच्या पत्र्याखाली माणसं उकडून निघाली. नवऱ्या मुलाची आजी घेरी येऊन पडली.

चाकू घेऊन हा थेट स्टेजवरच्या त्या दोन पामांकडे गेला.

"अहो, थांबा! फोटो राहिलाय!" मी ओरडलो.

"म्हातारी लई घाबरी झालीया, भाऊ."

एकेक पान उतरवून, देठाचे काटे तासून त्याने बायकांच्या हाती दिलं. दोन्ही झाडांचा फक्त मधला कोंब ठेवला. मग स्वतः आजीच्या उशाशी बसून वारा घालू लागला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"कुणाचा रं तू?"

"नवरीचा बाप हाय, आजी. पडून ऱ्हावा."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. भिंतीवर लावायला मुलगी त्याचा फोटो मागायला आली. इतक्या लग्नांत मी त्याचा एकही नीट फोटो काढला नव्हता, याचं फार वाईट वाटलं. एकच सापडला, आजीला वारा घालतानाचा. अर्धा चेहरा पानाआड गेलेला.

"कॉम्प्युटरवर पान काढून बघतो," मी म्हणालो.

तिने फोटो जवळ ओढला, बराच वेळ पाहिला.

"नगं काका. पानासकटच द्या."