‘नको’ लिहिलेली ट्रंक

विलायतेच्या वाटेला लागलेल्या माणसाला सोलापुरात सल्ला फुकट मिळतो आणि तो थंडीबद्दलच असतो. मी गिरणीत रंगखात्याचा मास्तर. व्हिएन्नाच्या एका रंगशाळेत पक्क्या रंगांचा सहा आठवड्यांचा वर्ग असतो, तो शिकायला मालकांनी मला पाठवायचं ठरवलं. ज्यांची गाडी कधी जेऊरच्या पुढे गेली नव्हती, तेही मला बर्फाची माहिती देऊ लागले. एकाने तर थंडीने नाक गळून पडलेल्या साहेबाची हकीकत सांगितली. साहेबाचं नाव मात्र त्याला आठवेना.

माझ्या बायकोने, गोदूने, ते नाक फार मनावर घेतलं. ती करकंबची, शेतकऱ्याची लेक. तिने माहेरून काळी घोंगडी मागवली आणि माझ्या नव्या ओव्हरकोटाला ती अस्तर म्हणून लावून द्या, असं आमच्या हुसेन शिंप्याला सांगितलं.

“इत्ता भारी अस्तर नक्को, बाईसाब,” हुसेनमास्तर म्हणाला. “कोट खुंटीपे नै रहेगा, खुंटी ले के नीचे आयेगा.”

“तुमी लावा की. तितं ह्यांना कोण हाय, पांघरूण घाल म्हनायला?”

दोन सुया मोडल्यावर हुसेनमास्तरने कोट परत पाठवला. मग गोदूने पोती शिवायचा दाभण घेतला आणि आठ दिवस बसून स्वतः अस्तर घातलं. तिची बोटं सोलली. कोट मात्र असा झाला की अंगात घातला तर खांदे खाली यायचे, आणि काढून ठेवला तर भिंतीला टेकून आपला आपण उभा राहायचा. मला त्याची लाज वाटली, हे आता कबूल करतो. मनात ठरवलं की हा ट्रंकेच्या तळाशी जाऊ दे, तिकडे एखादा बेताचा कोट घेऊ. गोदूला यातलं काही बोललो नाही.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बोटीच्या कचेरीतून सामानावर चिकटवायला दोन तऱ्हेच्या छापील चिठ्ठ्या मिळतात. ‘वॉन्टेड’ची चिठ्ठी लावलेली पेटी प्रवासात तुमच्या हाताशी राहते. ‘नॉट वॉन्टेड’ लावलेली बोटीच्या पोटात जाते, ती मुक्कामाला पोचल्यावरच दिसते. कारकुनाने जवळ असाव्यात म्हणून दोन्ही जास्तीच्या दिल्या होत्या. अरबी समुद्रात उकाडा असतो, म्हणून धोतरं, मलमलीचे सदरे आणि पातळ कोट मी एका ट्रंकेत भरले नि तिला ‘वॉन्टेड’ लावली. लोकरीचं सगळं, गोदूच्या कोटासह, दुसऱ्या ट्रंकेत गेलं. तिला ‘नॉट वॉन्टेड’. निरोप घ्यायला मी गिरणीत गेलो, आणि परत आलो तोवर दोन्ही ट्रंका सुतळीने बांधून दारात तयार होत्या.

मुंबईला हमालांनी ट्रंका परस्पर उचलल्या, मी चिठ्ठ्यांकडे पाहिलंही नाही. बोटीवर चढलो तेव्हा समुद्र शांत होता आणि मी खुशीत होतो. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला उकडलेले बटाटे, भात आणि फळं यावर भागवावं लागतं. शेंगाची चटणी भरपूर न्या, बटाट्यालाही ती माणसात आणते. कडक भाकरी मात्र नेऊ नका. सोलापुरात महिनाभर कडक राहणारी भाकरी समुद्राच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते.

त्याच तिसऱ्या दिवशी घामाने भिजलेला सदरा बदलावा म्हणून केबिनमधली ट्रंक उघडली. वर कानटोपी. खाली लोकरीचे बनियन, त्याखाली लोकरीचे मोजे, आणि तळाशी सगळी ट्रंक अडवून बसलेला कोट. माझी धोतरं आणि मलमल बोटीच्या पोटात आरामात पडली होती. कुणीतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती, आणि ते कुणीतरी कोण हे कळायला मला ज्योतिषी नको होता.

एडनपर्यंत मी अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत होतो. एखाद्या दिवशी तो वाळायचा राहिला की लोकरीचा बनियन घालून डेकवर बसायचो, आणि लोक मला तापकरी समजून लांबून जायचे. एडनला टपाल जाणार होतं. मी गोदूला रागाने चार ओळी लिहिल्या, “तुझ्या शहाणपणाने मला भाजून काढलं आहे. जे कळत नाही त्यात हात घालू नये.” पत्र पेटीत टाकलं तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

आमच्या टेबलावर बेळगावच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, व्हिएन्नालाच निघालेल्या, वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या. तांबड्या समुद्रात त्यांनी बनियनचं कारण विचारलं. मी सगळं रामायण सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

“वहिनींना इंग्रजी वाचता येतं?” त्यांनी विचारलं.

“मीच शिकवतो संध्याकाळी. मागच्या महिन्यात ‘आय वॉन्ट वॉटर’ झालं. नॉट म्हणजे नाही, तेही झालं.”

“चिठ्ठीचा अर्थ समजावून सांगितला होता?”

“नाही.”

“म्हणजे तिने हाताने शिवलेल्या कोटावर तुम्ही ‘नको’ लिहून ठेवलं, आणि तिला ते वाचता आलं. मास्तर, चूक विद्यार्थिनीची नाही.”

मला घाम फुटला, आणि तो उकाड्याचा नव्हता. कारण मी खरोखरच तो कोट नको म्हणून टाकला होता. तिला इंग्रजी चुकीचं कळलं असेल, माझं मन मात्र बरोबर कळलं होतं. एडनचं पत्र आता परत घेता येणार नव्हतं.

व्हेनिसला उतरलो. पाण्याचं ते गाव पाहायला एक दिवस ठेवाच. माझा दिवस मात्र सामानाच्या कचेरीत गेला, कारण बोटीच्या पोटातून निघालेली माझी ट्रंक भलत्याच गाडीत चढून भलत्याच गावी गेली होती. हाती एकच ट्रंक राहिली, लोकरीची. व्हिएन्नाच्या गाडीत डोंगर लागले आणि खिडकीच्या काचा आतून गोठल्या. सकाळी स्टेशनवर उतरलो तर पाऊस आणि बर्फ मिळून अंगावर येत होतं. मी गोदूचा कोट चढवला. वारा समोरून आला, कोटापाशी थांबला आणि दुसऱ्या कुणाला तरी गाठायला गेला. मी ठरवल्याप्रमाणे झालं असतं तर त्या सकाळी मी मलमलीच्या सदऱ्यात उभा असतो. खोलीवर पोचताच आधी गोदूला पत्र लिहिलं. आठ पानांचं झालं.

त्या शहरात कार्तिक-मार्गशीर्षात जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की थंडी रस्त्यावर असते, घरात नसते. प्रत्येक खोलीत चिनी मातीच्या फरशांची उंच शेगडी असते. मी पहिल्या दिवशी तीन बनियन घालून वर्गात बसलो आणि उकडलो. आत साधं घालावं, ऊब सगळी वरच्या कोटात असावी. बूट जाड तळाचे हवेत, ओल तळव्यातून चढते. आणि कुठेही आत शिरताना कोट दाराशी बसलेल्या बाईकडे द्यावा लागतो, त्यासाठी खिशात सुटी नाणी ठेवा.

रंगशाळेतल्या त्या बाईने माझा कोट एका हाताने घेतला, मग दुसरा हात लावला, आणि नाकाशी नेऊन एकच शब्द बोलली. सोबत्याने सांगितलं, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मेंढी. ओली घोंगडी लपत नाही. त्या दिवसापासून माझ्या कोटाला दोन खुंट्या मिळू लागल्या. हुसेनमास्तरचं म्हणणं खोटं नव्हतं.

एकदा आमच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी अस्तराचा काळा धागा मागून घेतला, सोड्यात उकळला, साबणात घोळला. पाण्यात रंगाचा थेंब उतरला नाही.

“हा रंग कोणी दिला?” त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

“मेंढीने,” मी म्हणालो.

वर्ग हसला. मलाही हसू आलं, आणि हे गोदूला कधी सांगेन असं झालं.

पण तिसऱ्या आठवड्यात तिचं पत्र आलं, एडनच्या पत्राचं उत्तर. तिच्याच अक्षरात तीन ओळी. “ट्रंकेवर नको लिवलं हुतं. माझ्या हातचं नको आसंल तर मला सांगायचं हुतं की. ट्रंकेला कशाला सांगितलं.” मी ते ट्राममध्ये वाचलं आणि माझे डोळे भरून आले. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, थंडीने. माझी आठ पानं वाटेत होती. ती पोचल्यावर उत्तर येईल म्हणून मी दर टपालाची वाट पाहिली. एकामागून एक टपालं रिकामी गेली. उरलेल्या दिवसांत रंग पक्के करायचं शिकलो खरं, पण जीव घरी होता.

परतताना व्हेनिसच्या कचेरीत भलत्या गावी गेलेली ट्रंक मिळाली, आणि मी दोन्ही ट्रंकांवर ‘वॉन्टेड’ चिकटवली. बोटीचा माणूस कुरकुरला, केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. मी ट्रंकेवर पाय ठेवून झोपलो.

सोलापूरला टांगा दाराशी थांबला. गोदू उंबऱ्यात आली. माझ्याकडे न बघता ती ट्रंकेपाशी वाकली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. मग दुसरी वाचली.

“दोनीवर?” तिने विचारलं.

“दोन्हीवर. माझं पत्र पोचलं नाही का?”

“पोचलं की.”

“मग उत्तर का नाही दिलंस?”

“लई गोड लिवलं हुतं. त्याला काय उत्तर द्यायचं? वाचत बसले.”

व्हिएन्नाहून काय आणलंत असं लोक विचारतात. रंगांची वही आणली, ती गिरणीत आहे. कोट खुंटीवर आहे, पावसाळी हवेत अजून मेंढीची आठवण करून देतो. आणि जास्तीची ती ‘नॉट वॉन्टेड’ची चिठ्ठी गोदूने ठेवून घेतली आहे. मी उशिरा घरी आलो किंवा भाजीला नाव ठेवलं, की ती माझ्या जेवायच्या पाटावर पडलेली दिसते. मी मुकाट्याने माफी मागतो आणि चिठ्ठी पुन्हा तिच्या डब्यात जाते.

परवा मालकांनी पुन्हा परदेशी जाण्याचं विचारलं. घरी येऊन गोदूला सांगितलं. सकाळी पाटावर चिठ्ठी होती. तिच्यातला ‘नॉट’ तिने शाईने खोडला होता. उरलं होतं ते ‘वॉन्टेड’, म्हणजे मी तिला हाताशी हवा होतो.