रिकामा माठ

खुर्सीपारच्या त्या गल्लीत कमलाबाईंना लोक आजही नवऱ्याला तहानलेला मारणारी बाई म्हणूनच ओळखतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, तेवढी छाती कोणाची नाही. पण नळावर त्यांची बादली टेकली की बायकांच्या गप्पा थांबतात. कमलाबाई काही बहिऱ्या नाहीत.

त्यांचे मालक आनंदराव पोलादाच्या प्लांटमध्ये, दगडी कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या खात्यात उभी हयात राबले. मूळ गाव भंडाऱ्याकडचं. तिथल्या विहिरीला त्यांच्या घरच्यांनी हात लावायचा नाही. बाप ओंजळ धरून उभा राहायचा आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचं, तेही मर्जी असली तर. त्याच बापाचं बोट धरून पोरगं नागपूरला गेलं, बुद्धाचं झालं, आणि पुन्हा कोणापुढे ओंजळ धरली नाही. खात्यात विश्वकर्मापूजेला सगळे टिळा लावून घेत, हे बाजूला उभे राहत. लोक चिडवत, हे हसत. पुढे छातीनं दगा दिला तेव्हा त्यांनी बायकोजवळ एकच गोष्ट मागितली.

"मी जाईन तवा लोक गंगेचं पाणी घेऊन येतीन," ते म्हणाले. "ज्यायनं माह्या बापाले साधं पाणी देलं नाही, त्यायचं पवित्र पाणी मले नको. तोंडात जाऊ देऊ नको, कमल."

कमलाबाई हो म्हणाल्या. हो म्हणायला काय लागतं?

दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं तेव्हाच सगळं कळलं होतं. मे महिना, आग ओतणारं ऊन. गल्ली माणुसकीची, म्हणून सकाळपासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आलेल्या प्रत्येकाला कमलाबाईंनी आपल्या हातानं माठातलं पाणी दिलं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय.

शेजारच्या सत्यभामाबाई गंगेचा गडू घेऊन आल्या. प्रयागहून आणलेला, तोंड डाग देऊन बंद केलेला तो गडू त्यांनी स्वतःच्या शेवटच्या घटकेसाठी देवघरात जपला होता. शेजाऱ्यासाठी तो फोडायचा म्हणजे लहान गोष्ट नाही, आणि या बाईनं मागेपुढे न बघता तो फोडला. वैरीण असती तर हाकलून देता आली असती. ही तर मुलाच्या, पियूषच्या, जन्माच्या वेळी कमलाबाईंच्या उशाशी रात्रभर बसलेली बाई.

दुपारी आनंदरावांचे ओठ हलले. पाणी मागत होते.

सत्यभामाबाईंनी तुळशीचं पान घातलेला चमचा पुढे केला आणि कमलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. पियूष रसमड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, सासुरवाडी टिळेवाल्यांची, चार लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून धडपडणारा. तो आईवर खेकसला, "पाणीच त आहे, आई. कावून तमाशा करून राहिली?"

"त्यायनं नाही म्हटलं हाये," कमलाबाई म्हणाल्या. "मी आणून राहिली पाणी."

स्वयंपाकघरात माठाचा तळ कोरडा होता. सगळं पाणी पाहुण्यांनी पिऊन टाकलं होतं. त्या अंगणातल्या ड्रमकडे धावल्या, झाकणावरचा दगड ढकलला, पेला बुडवला, पदरानं पाणी गाळलं. परत आल्या तेव्हा पियूष बापाच्या पायांवर डोकं टेकून रडत होता. आई नव्हती तेवढ्यात चमचा ओठांना लावायची हिंमत त्याला झाली नव्हती, आणि सत्यभामाबाईंनाही नाही. आनंदरावांचे ओठ कोरडेच होते.

पुढे विहारात जलदान झालं. बौद्धांच्या घरी हा विधी असतो. भंते गाथा म्हणतात आणि घरची माणसं तांब्यातून पाण्याची धार धरतात, खालचं भांडं भरून वाहेपर्यंत. त्याआधी भाषणं झाली. कमलाबाईंचा निर्धार समाजानं डोळ्यांपुढे ठेवावा, असं एक गृहस्थ बोलले आणि घसा कोरडा पडला म्हणून मध्येच घटाघटा पाणी प्यायले. कमलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी धार धरली. भांडं भरलं, वाहू लागलं, सतरंजी भिजली, तरी त्यांचा हात थांबेना. शेवटी पियूषनं तांब्या काढून घेतला.

आपण चुकलो असं त्यांना वाटलं नाही, आजही वाटत नाही. वाटलं असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. सत्यभामाबाईंचं दार त्यांच्यासाठी बंद झालं ते झालंच.

यंदा उन्हाळ्यात कमलाबाई तापानं पडल्या. पियूष त्यांना स्मृति नगरला आपल्या घरी न्यायला आला. तो आईशी कामापुरतंच बोलतो. सामान बांधता बांधता त्यानं कडवटपणे विचारलं, तुझ्या वेळेला काय करायचं ते आताच सांगून ठेव.

"तेच," कमलाबाई म्हणाल्या. "गंगा नको."

पियूषनं मान हलवली आणि पिशवी उचलली. कमलाबाईंनी त्याची बाही धरली.

"पण माठ भरून ठेवशील, बाबू. पाहुण्यायले त्यातलं देऊ नको."